टिबुकली : ओळख व निरीक्षणपाठ

१. प्रास्ताविक

पावसाळा ओसरू लागला म्हणजे गावोगावची तळी, पाझर तलाव व बंधारे भरलेले असतात. अशा पाण्याच्या मध्यभागी एखादा काळपट, गोलसर, लहानसा पक्षी तरंगताना दिसतो. पाहणाऱ्याची नजर त्याच्यावर स्थिर होते न होते तोच तो दिसेनासा होतो. पाण्यावर एक वलय तेवढे उरते. थोड्या वेळाने तोच पक्षी दूर कोठेतरी, अपेक्षा नसलेल्या ठिकाणी, पुन्हा वर येतो. मुले टाळ्या पिटतात आणि विचारतात, "गुरुजी, तो कोणता पक्षी?"

या प्रश्नास "बदकाचे पिल्लू" असे उत्तर पुष्कळदा दिले जाते. उत्तर तत्काळ मिळते, मुलांचे समाधान होते आणि प्रश्न तेथेच मिटतो. परंतु ते उत्तर खरे नसते. तो पक्षी बदक नव्हे व पिल्लूही नव्हे. त्याचे नाव टिबुकली. महाराष्ट्रात ती बारमाही आढळते. एखाददुसरी जोडी राहू शकेल एवढे पाणवनस्पतींचे तळे ज्या गावात आहे, तेथे तिचे दर्शन दुर्मिळ नाही. इतक्या जवळ राहणाऱ्या व इतक्या क्वचित ओळखल्या जाणाऱ्या या पक्ष्याच्या निमित्ताने मुलांना निरीक्षणाची शिस्त कशी लावता येईल, याचा विचार या पाठात केला आहे.

२. पाठाचे उद्दिष्ट

टिबुकलीचे नाव मुलांच्या तोंडी बसावे, एवढाच या पाठाचा हेतू नाही. नाव तर पुस्तकावरून फळ्यावर लिहून देता येईल. पुरावा पाहून मग नाव द्यावे, पुरावा अपुरा असल्यास नाव राखून ठेवावे, ही सवय लागावी हा खरा हेतू होय. पाठाच्या अखेरीस मुलांना पुढील गोष्टी यावयास हव्यात :

(अ) पाण्यात बुडी मारणाऱ्या चार निरनिराळ्या पक्ष्यांमधील भेद सांगणे.
(आ) आपण जे पाहिले व आपण जे तर्काने जाणले, या दोहोंची वेगवेगळी नोंद करणे.
(इ) पक्ष्यास व त्याच्या घरट्यास त्रास न देता निरीक्षण करणे.

३. शिक्षकाची पूर्वतयारी

मुलांना नेण्यापूर्वी शिक्षकाने स्वतः दोन वेळा तरी तळ्यावर जाऊन यावे. एक फेरी सकाळची असावी आणि एक ऊन उतरल्यानंतरची. सूर्य पाठीशी राहील अशी बसण्याची जागा हेरून ठेवावी. प्रकाश समोरून आल्यास प्रत्येक पक्षी काळाच दिसतो व रंगाची खूण निरुपयोगी ठरते. पाण्याच्या काठापासून तीस-चाळीस पावले दूर, झाडाची किंवा बांधाची आडोशाची जागा उत्तम. दुर्बीण मिळाल्यास चांगले. न मिळाल्यास पाठ अडत नाही, कारण टिबुकलीच्या मुख्य खुणा आकाराच्या व वागणुकीच्या आहेत आणि त्या नुसत्या डोळ्यांनी टिपता येतात. सेकंदकाटा असलेले एक घड्याळ मात्र अवश्य जवळ असावे.

४. ओळखीच्या खुणा

आकार : टिबुकलीची लांबी सुमारे २५ ते २९ सेंटिमीटर, म्हणजे साळुंकी व पारवा यांच्या दरम्यान भरते. परंतु साळुंकीस व पारव्यास शेपटी असते, टिबुकलीस ती असून नसल्यासारखी. त्यामुळे तिचे अंग मागील बाजूस एकदम संपल्यासारखे दिसते. तेथील पिसे मऊ, फुगीर व फिकट असतात. दुरून पाहता पाण्यावर एखादा लोकरीचा गोळा ठेवावा तसा भास होतो. शेपटीचा अभाव ही तिची पहिली व सर्वांत भरवशाची खूण होय.

चोच : चोच लहान, सरळ व टोकदार असते. बदकाच्या चोचीसारखी ती चपटी नसते. "बदकाचे पिल्लू" हे उत्तर एवढ्या एका खुणेने बाद होते.

रंग : विणीच्या काळात डोके व पाठ गडद तपकिरी ते काळपट, तर गाल, गळा व मानेचा पुढील भाग तांबूस होतो. चोचीच्या मुळाशी, जबड्याच्या कोपऱ्यात, पिवळसर ठिपका उठून दिसतो. वीण संपल्यावर हा थाट उतरतो. तांबूस रंग जाऊन अंग फिकट बदामी दिसू लागते व ठिपकाही मंदावतो. श्रावणात पाहिलेला पक्षी व माघात पाहिलेला पक्षी निरनिराळ्या जातींचे आहेत, असा समज मुलांचा होतो तो यामुळेच. रंग बदलतो, आकार बदलत नाही, हे सूत्र मुलांकडून वदवून घ्यावे.

पाय : पाय शरीराच्या अगदी मागे असतात. नावेचे वल्हे मागून चालवावे तसा त्यांचा उपयोग पाण्याखाली होतो. बदकाच्या बोटांमध्ये सलग पडदा असतो. टिबुकलीच्या प्रत्येक बोटास मात्र पानासारखी स्वतंत्र झालर असते. पाय मागे असल्याने पोहण्यात ती तरबेज, पण जमिनीवर चालण्यात अवघडलेली असते. म्हणून ती काठावर उभी राहिलेली क्वचितच दिसते. पाय पाण्याखाली असल्याने ही खूण मुलांना प्रत्यक्ष दिसणार नाही. ती चित्र काढून समजावून द्यावी आणि "ही आपण पाहिलेली नाही" असे स्पष्ट सांगावे.

उड्डाण : उडताना ती प्रथम पाण्याच्या पृष्ठभागावरून पंख फडफडवीत धावत सुटते व नंतर पाण्यालगत, भराभर पंख हालवीत जाते. पुष्कळदा उडण्याऐवजी बुडी मारूनच ती संकट टाळते. असे असूनही ती उडू शकत नाही हा समज चुकीचा आहे. एक तळे आटले की ती दुसऱ्या पाण्यावर जाते आणि हा प्रवास बहुधा रात्री होतो. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या तळ्यावर पावसानंतर टिबुकली "आपोआप" कशी आली, या कोड्याचे उत्तर येथे आहे.

आवाज : विणीच्या दिवसांत तिचा थरथरता, भराभर चढत-उतरत जाणारा, खिदळल्यासारखा आवाज गवतातून ऐकू येतो. पक्षी दिसण्यापूर्वी पुष्कळदा हा आवाजच तिची चाहूल देतो.

५. बुडी मारण्याची रीत

टिबुकली दोन प्रकारे पाण्याखाली जाते. भक्ष्यासाठी जाताना ती किंचित उसळी घेऊन डोके खाली घालते व क्षणात दिसेनाशी होते. भय वाटल्यास मात्र ती पिसे अंगाशी घट्ट दाबून त्यांत कोंडलेली हवा बाहेर सोडते आणि उसळी न घेता, तरंगही न उठवता, जागच्या जागी खाली जाते. मग ती लव्हाळ्यात किंवा पाणगवतात केवळ डोके वर काढून स्तब्ध राहते. "ती वर आलीच नाही" असे मुले म्हणतात तेव्हा बहुधा हाच प्रकार झालेला असतो.

तिची बुडी सामान्यतः दहा ते पंचवीस सेकंदांची असते. तेवढ्या अवधीत ती पाणकिडे व त्यांच्या अळ्या, गोगलगाई, बेडूकमाशा, झिंगे व बारीक मासे पकडते. या पक्ष्याच्या कुळात आणखी एक नवल आढळते. हे पक्षी स्वतःची पिसे गिळतात व पिलांनाही भरवतात. पोटात गेलेले माशांचे काटे या पिसांत अडकून राहतात व आतड्यास इजा होत नाही, असे अभ्यासक मानतात.

६. गफलत होण्याच्या जागा

पाणबुडी, पाणडुबी अशी नावे लोक बुडी मारणाऱ्या कोणत्याही पक्ष्यास लावतात. म्हणून नावावर न जाता पुढील भेद पाहावेत.

पाणकावळा : लहान पाणकावळा सुमारे ५० सेंटिमीटर लांब, म्हणजे टिबुकलीच्या जवळजवळ दुप्पट असतो. रंग काळा, शेपटी लांब, चोचीचे टोक आकड्यासारखे वळलेले. पोहताना त्याचे अंग पाण्यात बरेच बुडालेले असते. बुड्या मारून झाल्यावर तो खुंटावर किंवा खडकावर बसून पंख पसरून वाळवतो, कारण त्याची पिसे भिजतात. टिबुकली असे पंख वाळवीत बसत नाही. पसरलेले पंख दिसताच टिबुकलीचा विचार सोडून द्यावा.

तिरंदाज : यास सापमान्या असेही म्हणतात. लांबी सुमारे ९० सेंटिमीटर. पोहताना अंग पाण्याखाली राहून लांब, सडपातळ मान तेवढी वर दिसते व साप पोहत असल्याचा भास होतो. चोच भाल्यासारखी असून तिने तो माशास भोसकतो.

वारकरी : यास चांदवाही म्हणतात. खरी गफलत होते ती येथे, कारण वारकरीही गोलसर व काळपट असतो, बुडी मारतो आणि त्याच्याही बोटांना झालर असते. परंतु तो सुमारे ४० सेंटिमीटर लांब असतो व त्याची चोच आणि कपाळावरील पट्टा शुभ्र असतो. ही पांढरी खूण दुरूनही चमकते. टिबुकलीच्या कपाळावर अशी खूण कधीच नसते. शिवाय हिवाळ्यात वारकऱ्यांचे मोठे थवे उघड्या पाण्यावर दिसतात. टिबुकली बहुधा एकेकटी, जोडीने किंवा विरळ गटाने राहते.

बदके : चपटी चोच ही मुख्य खूण. पुष्कळ जातींची बदके उथळ पाण्यात डोके खाली व शेपूट वर करून अन्न शोधतात. ती पूर्ण बुडत नाहीत. अडईसारखे बदक पूर्ण बुडी मारते हे खरे; म्हणून केवळ बुडीवरून निर्णय न करता चोच व शेपटीही पाहावी.

यावरून एक नियम मुलांना सांगता येईल : एका खुणेवर नाव ठरवू नये, तीन खुणा जुळल्यास नाव द्यावे.

७. प्रत्यक्ष पाठ

वर्गाचे चार-चार मुलांचे गट करावेत. प्रत्येक गटातील एकाने केवळ पाहावे, दुसऱ्याने तो जे बोलेल ते लिहावे, तिसऱ्याने वेळ मोजावी आणि चौथ्याने पक्षी कोठे वर येतो तिकडे लक्ष ठेवावे. घड्याळ एकच असल्यास ते आळीपाळीने द्यावे. पहिली दहा मिनिटे शिक्षकाने पक्ष्याचे नाव मुळीच उच्चारू नये. मुलांना पुढील प्रश्न तेवढे द्यावेत :

शेपटी दिसते का? चोच चपटी की टोकदार? कपाळावर पांढरे काही आहे का? पक्षी कोठे बुडाला व कोठे वर आला? वर येताना तोंडात काही होते का? तो एकटा आहे की सोबती आहे?

समजा, या वेळी शिक्षकाच्याच तोंडून घाईने "बदक" असा शब्द निघून गेला आणि गुरे राखताना रोज तळ्याकाठी बसणारा एखादा मुलगा म्हणाला, "गुरुजी, बदकाची चोच अशी नसते." हा क्षण मोठ्या मोलाचा आहे. त्या मुलास "गप्प बैस" म्हटले तर मोठ्यांपुढे डोळ्यांनी पाहिलेले खरे सांगू नये, हा धडा सारा वर्ग शिकतो, आणि तो धडा पुढे अनेक वर्षे पुसला जात नाही. उलट शिक्षकाने "पुन्हा पाहू या" असे म्हणून त्याच्याबरोबर पाहिले व आपली चूक मोकळेपणाने मान्य केली, तर निरीक्षणाचा अर्थ वेगळा समजावून देण्याची गरज उरत नाही. त्या चुकीने शिक्षकाचा मान कमी होत नाही, वाढतो.

८. वहीतील नोंद

नोंदवहीचे पान उभी रेघ मारून दोन भागांत विभागावे. डावीकडे "पाहिले" व उजवीकडे "तर्क केला" असे लिहावे. "पक्षी बुडाला, चौदा सेकंदांनी वर आला" हे डावीकडे. "त्याने मासा खाल्ला असावा" हे उजवीकडे. पण मासा चोचीत प्रत्यक्ष दिसला असेल तर ते डावीकडे येईल. प्रत्येक नोंदीस दिनांक, वेळ, ठिकाण व आकाशस्थिती लिहिलेली असावी. मुलांना हा भेद आरंभी अवघड वाटतो, परंतु दोन-तीन वेळा सराव झाल्यावर ती एकमेकांच्या वह्या तपासून चुका दाखवू लागतात.

९. इतर विषयांशी समवाय

गणित : बुड्यांचा काल मोजून सरासरी काढावी. उदाहरणार्थ, पाच बुड्या १२, १५, ९, १८ व १६ सेकंदांच्या झाल्या, तर बेरीज ७० व सरासरी १४ सेकंद येते. उथळ व खोल भागातील बुड्यांची सरासरी निरनिराळी काढून तुलना करावी.

भाषा : घरातील वडीलधाऱ्यांकडून या पक्ष्याची गावातील नावे विचारून आणावयास सांगावे. मारुती चितमपल्ली यांनी पक्ष्यांची लोकांच्या बोलीतील नावे गोळा करण्याचे मोठे कार्य केले. ते कार्य मुले आपल्या गावापुरते पुढे नेऊ शकतात. पाल्लास या शास्त्रज्ञाने १७६४ साली टिबुकलीस दिलेल्या नावातील "रूफिकॉलिस" या पदाचा अर्थ "तांबूस मानेची" असा आहे. आजच्या शास्त्रीय नावाचे पहिले पद "टॅकिबॅप्टस", म्हणजे "झटकन बुडणारी". शास्त्रज्ञांनीही खुणा पाहूनच नावे दिली, हे येथे सहज पटते.

विज्ञान : बाह्य रूपावरून टिबुकली बदकाची आप्त वाटते. परंतु २००१ सालापासून प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासांनुसार तिच्या कुळाचे सर्वांत जवळचे नाते उंच पायांच्या रोहित पक्ष्याशी, म्हणजेच अग्निपंखाशी आहे. उजनीच्या जलाशयावर दिसणारा तो गुलाबी पक्षी व गावतळ्यातील ही तपकिरी गोळी एका शाखेची, हे ऐकून मुलांना नवल वाटेल. वरवरचे साम्य व खरे नाते यांतील अंतर सांगण्यास याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

१०. घरट्याविषयी सावधगिरी

या भागाकडे शिक्षकाने विशेष लक्ष द्यावे. टिबुकलीचे घरटे झाडावर नसते. पाणवनस्पतींचे ओले तुकडे रचून ती पाण्यावरच एक ढीग करते व तो लव्हाळ्याच्या किंवा वेलींच्या आधाराने अडकवून ठेवते. त्यात बहुधा तीन ते पाच अंडी असतात. अंडी प्रथम पांढरी असतात, परंतु ओल्या वनस्पतींच्या संसर्गाने हळूहळू मळकट तपकिरी होतात. नर व मादी आळीपाळीने सुमारे वीस-एकवीस दिवस अंडी उबवतात. घरटे सोडताना पक्षी चोचीने भराभर पाणगवत ओढून अंडी झाकतो. म्हणून पाहणाऱ्यास तेथे घरटे दिसत नाही, कुजका कचरा दिसतो.

नेमके हेच त्यांच्या नाशाचेही कारण होते. कचरा समजून मुले त्यावर नेम धरून दगड मारतात. तळे स्वच्छ करणारे लोक पाणगवताबरोबर ढीगही ओढून काढतात. माणसे घरट्याजवळ फार वेळ थांबली तर पक्षी परत येत नाही आणि अंडी उबेवाचून राहतात. घाईने निघालेल्या पक्ष्यास अंडी झाकावयास वेळ मिळाला नाही, तर कावळ्यांना ती उघडीच सापडतात. तेव्हा विणीच्या काळात, विशेषतः पावसाळ्यात, लव्हाळ्यालगत वर्ग नेऊ नये. अंडी शाळेच्या संग्रहासाठी आणू नयेत. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याने रानपक्ष्यांची शिकार करणे तसेच त्यांची अंडी व घरटी यांस हानी पोहोचविणे यांस मनाई केली आहे, हे मुलांना सांगावे. परंतु कायद्याच्या धाकापेक्षा अंडी झाकणाऱ्या पक्ष्याची धडपड दुरून पाहिलेल्या मुलाचा हात दगडाकडे वळत नाही, हे अधिक खरे.

पिले अंगावर पट्टे असलेली असतात व अंड्यातून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात पोहू लागतात. थकली म्हणजे ती आईबापांच्या पाठीवर चढून पिसांत दडून बसतात. हे दृश्य ज्या वर्गास दिसेल तो वर्ग भाग्यवान समजावा.

तळ्यातील पाणगवत काढणे गावास आवश्यक असेल, तर ते काम वीण संपल्यानंतर करावे व एका कडेचे लव्हाळे राखून ठेवावे, अशी सूचना शिक्षकाने ग्रामसभेत मांडावी. मुलांच्या नोंदवहीतील दिनांक तेथे उपयोगी पडतील. घरटे कोणत्या आठवड्यात दिसले व पिले केव्हा बाहेर पडली, हे लिहिलेले असेल तर त्या सूचनेस वजन येते.

मुलांच्या सुरक्षिततेसंबंधीही शिक्षकाने दक्ष राहावे. निघताना व परतताना मुले मोजावीत. कोणासही पाण्यात उतरू देऊ नये, बांधाच्या ओल्या उतारावर उभे राहू देऊ नये. शक्यतो गावातील एक प्रौढ व्यक्ती बरोबर असावी.

११. पाठाचे मूल्यमापन

पुढील प्रश्न वर्गात विचारावेत :

१. पक्षी खुंटावर पंख पसरून बसला आहे. तो टिबुकली असेल का? कारण सांगा.
२. वारकरी व टिबुकली यांतील दोन भेद सांगा.
३. कार्तिकात तळ्यावर तांबूस मानेचा पक्षी दिसला व माघात तेथेच बदामी रंगाचा. ते दोन जातींचे आहेत असे म्हणता येईल का?
४. "टिबुकलीने बेडूकमाशी खाल्ली" हे वाक्य वहीच्या कोणत्या भागात लिहावे? केव्हा?
५. घरटे कचऱ्यासारखे दिसण्याने पक्ष्यास लाभ काय व हानी काय?

यांखेरीज शिक्षकाने प्रत्येक वहीत एक गोष्ट शोधावी. दूरचा, अंधुक दिसलेला किंवा क्षणभरच वर आलेला पक्षी प्रत्येक गटास भेटतोच. त्यापुढे एखाद्या मुलाने "ओळख पटली नाही" असे लिहिले असेल, तर त्यास पूर्ण गुण द्यावेत. ज्या वहीत एकही नोंद अशी नाही, ती वही शिक्षकाने त्या मुलाबरोबर बसून पुन्हा वाचावी. न दिसलेले दिसले असे न लिहिण्याचा प्रामाणिकपणा मुलाच्या अंगी आला, तर टिबुकलीचा हा पाठ सफल झाला असे समजावे.